आधी वजनाचा तक्ता

प्रिय मुली,

अनेक आशीर्वाद.

तुझा विमानाचा आराखडा मिळाला. मागे वळणारे पंख पाहून हसू आलं. तुझ्या वयात मीही हेच काढलं होतं. कोणत्या भागाचं वजन किती, तो तक्ता मात्र दिसला नाही. म्हणून बोइंग 2707 ची गोष्ट सांगतो.

ब्रिटन-फ्रान्सच्या कॉन्कॉर्ड विमानाशी चढाओढ म्हणून 1963 मध्ये अमेरिकेने सुपरसॉनिक, म्हणजे आवाजापेक्षा वेगवान, प्रवासी विमान करायचं ठरवलं. लॉकहीड कंपनीने स्थिर त्रिकोणी पंखांचं एल-2000 मांडलं, बोइंगने वळत्या पंखांचं 2707. उतरताना पंख पसरायचे, वेग घेताना मागे न्यायचे. कागदावर सगळं सुटलं! 1966 च्या शेवटच्या दिवशी बोइंगची निवड झाली.

वेग ठरला मॅक 2.7, म्हणजे आवाजाच्या 2.7 पट. त्या वेगाला कवच इतकं तापतं की ॲल्युमिनियम टिकत नाही, टायटॅनियम लागतं. आता पंख जिच्यावर वळतो त्या बिजागरीकडे बघ. अख्ख्या पंखाचा भार तिच्यावर. ती जाड केली की भोवतालचा सांगाडा जाड करा, वाढलेलं वजन उचलायला इंधन वाढवा, इंधन वाहायला पुन्हा सांगाडा वाढवा. वजनाची तोंडमिळवणी होईना. शेवटी 1968 मध्ये बोइंगनेही स्थिर त्रिकोणी पंख घेतले. म्हणजे स्पर्धा जिंकून हरलेल्याच्या वाटेला लागले. लॉकहीडवाले त्या दिवशी काय बोलले असतील, ऐकायला आवडलं असतं.

बाकी वादही होतेच. आवाजापेक्षा वेगाने जाणाऱ्या विमानाचा जमिनीवर ऐकू येणारा दणका, म्हणजे ध्वनिस्फोट, लोक सोसतील का, हे पाहायला 1964 मध्ये ओक्लाहोमा सिटीवर सहा महिने लढाऊ विमानं उडवून बाराशेच्या वर दणके दिले. लोक वैतागले, तक्रारींचा पाऊस पडला. मार्च 1971 मध्ये अमेरिकी काँग्रेसने, म्हणजे तिथल्या संसदेने, पैसा थांबवला. 26 विमान कंपन्यांनी 122 विमानं राखून ठेवली होती. नमुन्याची दोन विमानंसुद्धा पुरी झाली नाहीत.

तू बिजागरी लगेच खोडू नकोस. तिचं वजन काढ, तिच्यामुळे वाढलेल्या सांगाड्याचं आणि इंधनाचंही काढ. शेजारी स्थिर पंखाचा हिशेब मांड. आणि मुंबई-लंडन मार्ग नकाशावर आखून किती भाग समुद्रावरून जातो ते मोज. जमिनीवर दणका चालणार नसेल, तर तुझा मॅक 2.7 वापरायचा कुठे?

रविवारी सकाळी ये. तक्ता पेन्सिलीनेच कर, खोडावं लागेल.

तुझा,
काका