वाचकांचे प्रश्न : आंबट लागली म्हणजे वाईन बिघडली का?

प्रश्न : जावयांच्या सांगण्यावरून नाशिकची एक स्वस्तातली सॉव्हिन्यॉ ब्लां ही पांढरी वाईन आणली. लेबलवर 'अनओक्ड' असे छापलेले होते. रात्रभर फ्रीजमध्ये ठेवून प्यायलो, तर ती नुसती आंबट लागली आणि वासही आला नाही. ती बिघडलेली होती, की लाकडी पिंपात न मुरवल्यामुळे मुळातच हलक्या प्रतीची?
— एक वाचक, नागपूर

उत्तर : आपल्या वर्णनावरून वाईन बिघडलेली वाटत नाही, ती फार गार होती, एवढेच. घरगुती फ्रीजमधील चार-पाच अंशांना गंध दबून राहतो आणि आंबटपणा तेवढा उठून जाणवतो. बाटली बाहेर काढून पंधरा-वीस मिनिटे थांबावे (मे महिन्यात आपल्याकडे याच्या निम्मा वेळही पुरतो) आणि ती साधारण १० अंशांवर आली की ग्लास एक तृतीयांश भरून, दांडीला धरून हलकेच फिरवावा. संत्रे सोलताना सालीतून उडणारा तुषार जसा फोड तोंडात जाण्याआधीच त्याची चव सांगून जातो, तसेच इथेही घोटाआधी नाकाला काम द्यावे. चिरलेली ढोबळी मिरची, ओले गवत, लिंबाची साल असे काहीसे जाणवेल. तो मिरचीचा गंध सॉव्हिन्यॉ ब्लां या द्राक्षाचा स्वतःचाच असतो.

ओक या झाडाच्या लाकडी पिंपातून व्हॅनिला, खोबरे, मसाले यांचा गंध वाईनमध्ये उतरतो. तो नको असेल, तर वाईन स्टीलच्या टाकीत कमी तापमानाला आंबवतात; तीच 'अनओक्ड'. सुमारे २२५ लिटरच्या नव्या पिंपांचा मोठा खर्च वाचल्याने किंमत उतरते, प्रत उतरतेच असे नाही. फ्रान्समधील शाब्ली येथील शार्डोने द्राक्षाच्या कित्येक नामांकित पांढऱ्या वाईनना लाकडाचा स्पर्शही झालेला नसतो.

नागपुरात मला खरी धास्ती वाटते ती उन्हाची. पारा ४५ अंशांवर असताना बिनएसीच्या दुकानात फळीवर उभी राहिलेली किंवा गाडीच्या डिकीत विसरलेली बाटली खरोखरच बिघडते, आणि दोष झाकायला लाकडाचा वास नसल्याने अशा वाईनमध्ये तो लगेच कळतो : रंग तपकिरीकडे झुकतो, कापून ठेवलेल्या सफरचंदासारखा शिळा वास येतो. व्हिनेगरचा भपका आला तर बाटली सरळ मोरीत ओतावी. तळाशी काचेच्या चुऱ्यासारखे खडे दिसले, तर मात्र घाबरू नये. ते द्राक्षातल्याच आम्लाचे निरुपद्रवी स्फटिक असतात.

सावजी रश्श्याबरोबर ही घेऊ नये, कारण अल्कोहोलने तिखटाची आग आणखी भडकते. कोथिंबिरीचे सारण भरून तळलेल्या गरम सांबारवडीबरोबर घेऊन पाहा; ज्या आंबटपणाची आपली तक्रार आहे, तोच तळणीचे तेल जिभेवरून धुऊन काढतो आणि कोथिंबिरीचा हिरवा गंध वाईनच्या गंधाशी छान जुळतो.