कोल्हापुरात जुनं फेवर ल्युबा घड्याळ घेतोय. पार्ट ओरिजिनल आहेत का हे कसं ओळखायचं?

तुम्ही लिहिलंय की लक्ष्मीपुरीत एकाकडे फेवर ल्युबा या स्विस कंपनीचं चावीचं सी किंग मॉडेल बघितलं, डायल 'अगदी नव्यासारखी' आहे, साडेसहा हजार सांगतोय आणि सगळं ओरिजिनल आहे म्हणून आईची शपथ घेतोय. घ्यावं का?

मला खटकलं ते 'नव्यासारखी'. पन्नास वर्षं कुणाच्या तरी मनगटावर घाम आणि आपला पाऊस खाल्लेलं घड्याळ आहे ते. केस, म्हणजे घड्याळाची बाहेरची धातूची डबी, झिजलेली, चावीचे दाते गुळगुळीत, आणि डायल मात्र कालची? वडगावच्या बाजारात जनावर घेणारा आधी तोंड उघडून दात बघतो, मालक वय काय सांगतो ते मागाहून ऐकतो. घड्याळातही तेच करायचं. केस, डायल, काटे, मशीन हे सगळे एकाच वयाचे दिसतात का? एक जरी फार तरुण निघाला तर तो बाहेरून आलाय.

मी स्वतः फसलोय म्हणून सांगतो. दहाएक वर्षांपूर्वी एका रविवारी बाजारात सिको फाइव्ह घेतलं. केशरी डायल, उन्हात धरली की डोळे दिपायचे. लई भारी म्हणत घरी आलो आणि भिंग लावलं. डायलवर छापलंय २१ ज्वेल्स (मशीनमधले, चाकांची झीज कमी करणारे बारीक खडे), मागच्या झाकणावर नंबर ७००९ ने सुरू होणारा. ७००९ हे मशीन १७ ज्वेल्सचं! जुन्या सिकोत डायलच्या अगदी खालच्या काठाला, सहाच्या आकड्यापाशी, मुंगीच्या पायाएवढ्या अक्षरांत मशीनचा नंबर असतो. माझ्या डायलवर तिथं कोरी जागा. 'सिको'ची अक्षरं कडेला फुटलेली, वहीच्या कागदावर शाई पसरते तशी. जुनी डायल घासून, रंगवून, वर पुन्हा छापलेली. जमवणारे लोक अशा घड्याळांना 'मुंबई स्पेशल' म्हणतात. नाव मुंबईचं, पण गिऱ्हाईक आपल्यासारखेच.

तर डायल बघताना भिंग हवंच, दहापटीचं असलं तर उत्तम. ओरिजिनल छपाईत अक्षराची कड धारदार असते, शाई किंचित उठलेली दिसते. पुन्हा रंगवलेल्या डायलवर मिनिटांच्या रेघा कुठं जाड, कुठं बारीक, आणि चिकटवलेल्या धातूच्या खुणांच्या बुडाशी रंग साचलेला. खाली 'स्विस मेड' आहे का, ते सहाच्या दोन्ही बाजूंना सारखं बसलंय का, की एकीकडे सरकलंय? काट्यांची लांबीही बघा. मिनिटकाटा मिनिटांच्या रेघांपर्यंत पोचायला हवा. मध्येच थांबत असेल तर काटे दुसऱ्या घड्याळाचे आहेत.

अंधारात चमकणारे ठिपके असतील तर जरा सावध राहा. आपण चमकणाऱ्या कशालाही 'रेडियम' म्हणतो, पण साठच्या दशकाच्या सुरुवातीपर्यंतच्या बऱ्याच घड्याळांत खरंच रेडियम असायचं. त्यातला चमकणारा रंग काही दशकांत जळून जातो, रेडियम मात्र तसंच राहतं. ते निम्मं व्हायलाच १६०० वर्षं लागतात. म्हणजे एवढं जुनं घड्याळ आज झगझगीत उजळत असेल तर ठिपके नव्यानं भरलेत. आणि उजळत नसेल तर नखानं खरवडून बघू नका, ती पूड नाकातोंडात जायला नको.

आता मशीन. 'मागचं झाकण उघडून दाखव' म्हणा. सरळ उघडणारा विक्रेता बरा. 'सील जाईल, हवा लागेल' म्हणाला तर तिथंच नमस्कार करून निघा. उघडल्यावर ब्रिजवर, म्हणजे चाकांवर बसवलेल्या धातूच्या पट्टीवर, फेवर ल्युबाचं नाव कोरलेलं आहे का बघा. त्यांच्या सी किंग, सी चीफमधल्या बऱ्याच घड्याळांत दोन बॅरलचं मशीन असतं, एकाऐवजी दोन स्प्रिंगा, म्हणून मशीन पातळ असूनही चावी जास्त काळ चालते. नावच नसेल, किंवा दुसऱ्याच कंपनीचं असेल, तर केस आणि डायलपुरतंच ते फेवर ल्युबा. स्क्रूंच्या खाचा सोललेल्या असतील तर बऱ्याच हातांनी आत उचकपाचक केलेली आहे. झाकणाच्या आतल्या बाजूला टाचणीनं कोरल्यासारख्या तारखा, आकडे दिसले तर मात्र घाबरू नका; ती घड्याळजींची सर्व्हिसिंगची खूण असते. मला तर ती असली की बरं वाटतं. कुणीतरी वेळोवेळी तेलपाणी केलंय म्हणायचं.

केसबद्दल थोडंच. हुपरीसारखं चांदीचं गाव आणि उद्यमनगरातले कारखाने असलेल्या जिल्ह्यात बफिंग करून देणाऱ्याचा तोटा नाही. पट्टा बसतो ती शिंगं गोल, बुळबुळीत झाली असतील तर केस घासलीय. झाकणावर 'स्टेनलेस स्टील बॅक' लिहिलं म्हणजे अख्खी केस स्टीलची असं नव्हे, फक्त झाकण स्टीलचं. बाकी पितळेवर क्रोम. कडांना पिवळं पितळ डोकावत असेल तर ते म्हातारपण आहे, दोष नाही.

काच आणि चावी यांवर मात्र डोकं शिणवू नका. प्लॅस्टिकची काच ओरखडली की बदलायचीच, आणि रोज पिळून पिळून चावी झिजतेच. माझ्याकडे वडिलांची एचएमटी जनता आहे. एचएमटीनं १९६१ मध्ये जपानच्या सिटिझनशी करार करून बंगळूरला घड्याळं सुरू केली, त्या घराण्यातली, १७ ज्वेल्सची. वडिलांच्या ओळखीच्या घड्याळजींनी तिची काच दोनदा, चावी एकदा आणि सेकंदकाटा एकदा बदललाय. डायल तीच, जरा पिवळसर पडलेली, आठच्या बाजूला एक डाग. मशीन तेच. मी तिला ओरिजिनलच म्हणतो, कुणी भांडायला आलं तर येऊ दे. २०१६ मध्ये एचएमटीचा घड्याळ विभाग बंद करायचं ठरल्यापासून हिरव्या, जांभळ्या, गुलाबी डायलच्या 'जुन्या' एचएमटी उगवायला लागल्यात. त्यापेक्षा डाग पडलेली बरी.

तुमच्या सी किंगकडे परत येतो. डायल पुन्हा रंगवलेली आणि मशीन फेवर ल्युबाचं, चालू, स्वच्छ, असं निघालं तर रोज घालायला चांगलं घड्याळ आहे, पण साडेसहा हजाराचं नाही. डायल रंगवलेली असं त्याच्या तोंडून वदवून घ्या आणि तिथून भाव पाडा. मी असतो तर तीनच्या वर गेलो नसतो. मशीनही परकं असेल तर सोडून द्या, सी किंग पुन्हा बघायला मिळतं. डायल जुनी आणि खरी निघाली, मशीन जुळलं, तर साडेसहाला फार घासाघीस करू नका. दोन दिवस चावी देऊन स्वतःजवळ ठेवायला मिळतं का तेवढं विचारा, चोवीस तासांत किती पुढंमागं जातं ते कळेल. पावसाळ्यात मात्र घालू नका, मागं 'वॉटरप्रूफ' लिहिलेलं असलं तरी. आतलं रबर केव्हाच दगड झालेलं असतं.

आणि 'पट्टाही ओरिजिनल' म्हणून वर दोन-तीनशे मागत असेल तर हसून सोडून द्या. चामडं किती वर्षं टिकतं हे कोल्हापूरकराला दुसऱ्यानं सांगायचं म्हणजे कमालच.