तिच्या ग्रुपमध्ये काय चाललंय, ते तिलाच सांगू द्या

पत्र:

ताई, नमस्कार. आम्ही इंग्लंडमध्ये रेडिंगला राहतो. मुलगी चौदा वर्षांची आहे. वर्षभरापासून तिला ‘डॉक्टर हू’चं वेड लागलंय. डिस्कॉर्ड नावाच्या गप्पांच्या अ‍ॅपवर त्या मालिकेच्या चाहत्यांचा ग्रुप आहे, तिथे ती रात्री उशिरापर्यंत पानंच्या पानं लिहीत असते. आम्ही विचारलं की ‘काही नाही गं आई’ एवढंच. मराठी सिनेमा लावला की वर खोलीत निघून जाते. पुण्याहून सासूबाई विचारतात, आमच्या नातीला सध्या काय आवडतं, तर मला धड सांगता येत नाही. हे म्हणतात, ते अ‍ॅपच काढून टाक. काय करू?

उत्तर:

अ‍ॅप काढू नका. रागाच्या भरात तर मुळीच नको.

तुमच्या पत्रातलं मला सगळ्यात महत्त्वाचं वाटलं ते सासूबाईंचं विचारणं. नातीला काय आवडतं हे पुण्यातल्या आजीला मनापासून जाणून घ्यायचंय, आणि नात नेमकं तेच अनोळखी लोकांना रात्र रात्र जागून सांगतेय. सांगायची हौस आहे, ऐकायचीही आहे, फक्त दोघींची गाठ पडत नाहीये. ती कशी घालून द्यायची, एवढाच प्रश्न आहे. अ‍ॅप काढलं तर सांगायची हौसच मरेल आणि तुमच्या हाती काहीच लागणार नाही.

आधी ती तिथे काय करते ते समजून घेऊ. ‘डॉक्टर हू’ म्हणजे काळात मागेपुढे प्रवास करणाऱ्या ‘डॉक्टर’ नावाच्या पात्राची मालिका; ह्या डॉक्टरच्या भूमिकेत काही वर्षांनी नवा कलाकार येतो. ती बीबीसीवर २३ नोव्हेंबर १९६३ रोजी सुरू झाली. १९८९ मध्ये बंद पडली आणि २००५ मध्ये परत आली. मधली इतकी वर्षं ती जिवंत राहिली त्यात चाहत्यांचा वाटा फार मोठा आहे. सुरुवातीच्या काळात बीबीसी जुन्या टेप पुसून त्यांवर नवे कार्यक्रम रेकॉर्ड करायची, त्यामुळे साठच्या दशकातले कितीतरी भाग नाहीसे झाले. पण त्या हरवलेल्या प्रत्येक भागाचा आवाज आज ऐकायला मिळतो, कारण तेव्हा घरोघरी काही पोरं टीव्हीसमोर टेपरेकॉर्डर लावून बसली होती. त्यांना कोणी सांगितलं नव्हतं. आवडत होतं म्हणून त्यांनी ते केलं आणि जपून ठेवलं. तुमची मुलगी ज्या लोकांत रमली आहे ती ही परंपरा आहे. कुठल्या भागात कोणता धागा कुठून आला, कोणता डॉक्टर कुणाला का आवडतो, पुढे काय होईल, ह्यावर तिथे पुराव्यानिशी वाद चालतात. चौदाव्या वर्षी कुणी स्वतःहून इतकं लिहीत असेल, मतं मांडत असेल, खोडून काढत असेल, तर त्याचं मला तरी कौतुकच वाटतं.

आणखी एक गोष्ट तुम्हाला ठाऊक नसेल तर सांगते. ह्या मालिकेची अगदी पहिली कथा दिग्दर्शित केली ती वारिस हुसेन ह्यांनी, आणि त्यांचा जन्म लखनऊचा. हे तिच्या ग्रुपात सगळ्यांना माहीत असणार. तिने घरी सांगितलं नसेल, कारण घरी कुणी विचारलं नसेल.

आता विचारायचं कसं. ‘काय चाललंय इतका वेळ?’ हा प्रश्न मुलांना चौकशीसारखा ऐकू येतो, म्हणून उत्तरही ‘काही नाही’ असंच येतं. त्याऐवजी तिला सांगा, ‘मला एक भाग दाखव, कुठला बघू ते तू ठरव.’ ती गडबडली तर तुम्ही सुचवा: २०१८ सालचा ‘डीमन्स ऑफ द पंजाब’. बीबीसीच्या आयप्लेअरवर आहे. शेफील्डच्या घरात आजी नातीला एक बंद पडलेलं घड्याळ देते, आणि त्यामागची गोष्ट सांगायला नकार देते. मग नात डॉक्टरबरोबर १९४७ च्या फाळणीत, आजीच्या तरुणपणात जाऊन पोचते. पुढचं सांगत नाही, तुम्ही बघाच. आजी जे सांगत नाही ते जाणून घ्यायला नात धडपडते, अशी ही गोष्ट आहे. तुमच्या घरात सध्या त्याच्या उलट चाललंय. बघून झाल्यावर ‘छान होतं’ म्हणून उठू नका. काय पटलं नाही तेही सांगा. चाहत्यांना होकारापेक्षा वाद जास्त आवडतो. आणि रोज रोज बरोबर बसू नका. तिचं काहीतरी तिच्यापाशी राहू दे.

ह्यांच्या काळजीकडे येते. ती खोटी नाही, म्हणून तिचं उत्तर नेमकं द्यायला हवं. डिस्कॉर्डला किमान वय १३ आहे, त्यामुळे तुमची मुलगी तिथे नियमाला धरूनच आहे. फक्त खातं उघडताना जन्मतारीख खरी टाकली आहे का ते बघा, कारण वयानुसार लागणारं संरक्षण त्यावरच ठरतं. डिस्कॉर्डमध्ये ‘फॅमिली सेंटर’ नावाची सोय आहे. त्यात ती कोणत्या ग्रुपांत आहे, कुणाशी बोलते हे पालकांना दिसतं, मजकूर मात्र दिसत नाही. मला ही विभागणी योग्य वाटते. हे तिच्यासमोर बसून, तिला सांगून सुरू करा. चोरून तिचा फोन वाचलात तर ज्या दिवशी तिला खरोखर मदत लागेल त्या दिवशी ती तुमच्याकडे येणार नाही. तिथेच सेटिंगमध्ये ग्रुपातल्या कुणीही थेट खाजगी मेसेज पाठवू नये असं बटण आहे, ते लावून घ्या. गप्पा सगळ्यांसमोर चालल्या की धोका खूप कमी होतो.

ह्यापुढे एकच गोष्ट घरात स्पष्ट बोलून ठेवा. कुणी ‘इथे नको, दुसऱ्या अ‍ॅपवर बोलू’ म्हणालं, फोटो मागितला, शाळेचं नाव विचारलं, भेटवस्तू देऊ केली किंवा ‘आईबाबांना सांगू नको’ असं म्हटलं, तर लगेच तुम्हाला सांगायचं, आणि सांगितल्याबद्दल तिचं अ‍ॅप जाणार नाही हे वचन तुम्ही द्यायचं. ते वचन पाळायचंही. बहुतेक मुलं गप्प बसतात ती फोन काढून घेतील ह्या भीतीने. झोपेबद्दल मात्र मी कडक आहे: शाळेच्या आदल्या रात्री फोन खाली, बैठकीच्या खोलीत चार्जिंगला. आईबाबांचाही तिथेच. ऑस्ट्रेलियातल्या वाचकांसाठी थोडं वेगळं: तिथे डिसेंबर २०२५ पासून १६ वर्षांखालच्या मुलांना इन्स्टाग्राम, टिकटॉक, यूट्यूब, रेडिट अशा ठिकाणी स्वतःचं खातं ठेवता येत नाही. तेव्हा तुमच्याकडे ही चर्चा मुलाच्या वयानुसार करावी लागेल.

आता मराठी सिनेमा. ती उठून जाते ह्याचं तुम्हाला वाईट वाटतं, ते मी समजू शकते. पण बघा, तिच्यासाठी मराठी सिनेमा म्हणजे आईबाबांनी लावलेला, मध्ये मध्ये थांबवून अर्थ सांगितलेला, आणि शेवटी ‘कळलं का?’ असं विचारलेला. त्यात ती कुणाची चाहती नाही, विद्यार्थिनी आहे. शिकवायचं आधी थांबवा. वर्षाला एकच सिनेमा तिच्याबरोबर बघा, पण तो असा निवडा की तिला आपल्या ग्रुपमध्ये जाऊन सांगावासा वाटेल.

माझी शिफारस आहे परेश मोकाशींची ‘हरिश्चंद्राची फॅक्टरी’. २००९ चा सिनेमा, भारतातर्फे ऑस्करला गेलेला, हलकाफुलका आणि सगळ्यांनी मिळून बघण्याजोगा. दादासाहेब फाळक्यांनी आपला पहिला सिनेमा कसा केला त्याची ही गोष्ट. पण रेडिंगच्या घरात ही गोष्ट मी का सांगतेय, त्याला आणखी एक कारण आहे. १९१२ च्या फेब्रुवारीत फाळके विम्याची पॉलिसी गहाण टाकून लंडनला आले. तिथे कुणी ओळखीचं नव्हतं. ‘बायोस्कोप’ नावाचं सिनेमाविषयक साप्ताहिक ते मुंबईत वाचत असत, तेवढ्या धाग्यावर ते सरळ त्या साप्ताहिकाच्या कार्यालयात जाऊन संपादक कॅबर्न ह्यांना भेटले. कॅबर्ननी त्यांची गाठ सेसिल हेपवर्थ ह्या निर्मात्याशी घालून दिली. हेपवर्थचा स्टुडिओ वॉल्टन-ऑन-थेम्सला होता, म्हणजे तुमच्याच नदीच्या काठी, थोडा खालच्या अंगाला. तिथे फाळक्यांनी काम बघितलं, विल्यमसन कॅमेरा घेतला आणि दोनएक आठवड्यांत परत फिरले. ३ मे १९१३ रोजी गिरगावात कॉरोनेशन थिएटरला ‘राजा हरिश्चंद्र’ लागला.

एका अनोळखी माणसाला दुसऱ्याच्या डोळ्यांतलं वेड ओळखू आलं, त्याने दार उघडलं, आणि आपल्याकडे सिनेमा उभा राहिला. तुमच्या मुलीला हे कुणीतरी सांगायला हवं, कारण ती नेमकं हेच करतेय. आवड एक आहे एवढ्या ओळखीवर परक्या माणसांशी मैत्री करणं तिच्या खापरपणजोबांच्या पिढीपासून चालत आलंय. एखाद्या शनिवारी तिला वॉल्टनला घेऊन जा. हेपवर्थच्या स्टुडिओतली वीजनिर्मितीची इमारत अजून उभी आहे, आज तिथे छोटं नाट्यगृह आहे.

सिनेमा बघून झाला आणि तिला आवडला तर तिच्या हातात एक काम द्या. आवडलेल्या सिनेमांची नोंद ठेवायला तरुण मंडळी लेटरबॉक्सड वापरतात. त्यावरची सिनेमांची माहिती टीएमडीबी नावाच्या खुल्या माहितीसंग्रहातून येते, आणि तो संग्रह सामान्य चाहतेच भरतात. कितीतरी जुन्या मराठी सिनेमांच्या नोंदी तिथे अर्धवट आहेत: पोस्टर नाही, कलाकारांची नावं अपुरी, कथासार एका ओळीचं. खातं उघडून कुणालाही ते भरता येतं. आजीला फोन करून ‘ह्यात आणखी कोण कोण होतं गं?’ असं विचारावंच लागेल. श्रेयनामावलीशी पडताळून बघायचं, मगच टाकायचं. टेपरेकॉर्डर लावून बसलेल्या त्या पोरांचं काम हेच होतं. मराठीचा आग्रह मी ह्याहून वेगळ्या शब्दांत करणार नाही.

आजीबरोबर प्रत्यक्ष सिनेमा बघायचा तर थोडी तयारी लागते. व्हिडिओ कॉलवर स्क्रीन शेअर करून बहुतेक ओटीटी अ‍ॅप दाखवता येत नाहीत. नक्कल रोखणाऱ्या तंत्रामुळे पलीकडे नुसती काळी पाटी दिसते, फार तर आवाज येतो. आजी बिचारी चष्मा पुसत बसते. सोपा उपाय म्हणजे दोन्ही घरी आपापल्या टीव्हीवर तोच सिनेमा लावायचा, फोन स्पीकरवर ठेवायचा आणि ‘एक, दोन, तीन’ म्हणून एकदम सुरू करायचा. त्याआधी तो सिनेमा दोन्हीकडे आहे का ते बघून ठेवा, कारण हक्क देशागणिक वेगळे विकले जातात आणि भारतात दिसणारं सगळं इंग्लंडात दिसत नाही. रविवारी दुपारी तीन ही वेळ चांगली: उन्हाळ्यात पुण्यात तेव्हा साडेसात वाजलेले असतात, ऑक्टोबरअखेर तुमची घड्याळं मागे गेली की साडेआठ.

वेळेवरून आठवलं, नातेवाइकांच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपांतली भांडणं. ह्याबद्दलही बरीच पत्रं येतात. पुण्यात रात्री साडेआठची मालिका लागते तेव्हा उन्हाळ्यात तुमच्याकडे दुपारचे चार, न्यू जर्सीत सकाळचे अकरा, आणि सिडनीत मध्यरात्रीचा एक वाजलेला असतो. नऊ वाजता पुण्याच्या काकूंनी ‘अखेर ती गेली!’ असं लिहिलं की तीन देशांतल्या लोकांची संध्याकाळ वाया जाते. पहिल्या पंगतीत जेवून उठलेल्याने दुसऱ्या पंगतीला वाटीत काय येणार ते ओरडून सांगू नये. डिस्कॉर्डवर मुलं वाक्याच्या दोन्ही बाजूंना दोन-दोन उभ्या रेघा देतात, मग मजकूर झाकला जातो आणि ज्याला हवा तो उघडून बघतो. व्हॉट्सअ‍ॅपवर वर फक्त मालिकेचं नाव आणि भाग लिहा, खाली भरपूर रिकाम्या ओळी सोडा आणि मग लिहा, म्हणजे बाकीचं ‘पुढे वाचा’च्या मागे जातं. सासूबाईंना हे नातीनेच शिकवावं. पंधरा मिनिटांत होईल आणि दोघींना बोलायला विषय मिळेल.

चोरीच्या लिंकांबद्दल थोडं कठोर बोलते. नवा मराठी सिनेमा तुमच्या गावी लागत नाही, ओटीटीवर यायला वेळ लागतो, हे खरं आहे आणि त्याची चडफड मीही जाणते. तरी टेलिग्रामवरची लिंक ग्रुपात टाकू नका. भारतात २०२३ च्या कायदादुरुस्तीनंतर थिएटरात सिनेमा चोरून चित्रित करणाऱ्याला किमान तीन महिने ते तीन वर्षं कैद होऊ शकते. जर्मनीत टोरंटवरून सिनेमा उतरवला की ज्याच्या नावावर इंटरनेट आहे त्याला वकिलाची नोटीस येते आणि शेकडो युरो मागितले जातात, मग उतरवला मुलाने असो की पाहुण्याने. आणि मराठी निर्मात्याचं गणित इतकं तंग असतं की परदेशातली तिकिटं खरोखर मोजली जातात. त्यापेक्षा पन्नास-साठ कुटुंबांची तयारी आहे असं मंडळामार्फत वितरकाला कळवा. परदेशात मराठी सिनेमांचे खेळ बहुतेक असेच उभे राहतात. लंडनचं महाराष्ट्र मंडळ १९३२ पासून आहे, तिथे विचारायला हरकत नाही.

तुमच्या ह्यांना हे उत्तर वाचायला द्या. आणि पहिला भाग बघायला त्यांनाही बसवा, म्हणजे ‘काढून टाक’ म्हणण्याआधी काय काढतोय ते त्यांना कळेल. मुलीने कुठला भाग निवडला ते मला जरूर कळवा. मी तो बघून ठेवीन.