वाचकांचे प्रश्न : पेशवे दफ्तरात घराण्याचा शोध

प्रश्न : आमच्याकडे पिढीजात पाटीलकी होती, असे वडीलधारे सांगत. पुण्याच्या पुराभिलेखागारात आडनाव सांगितले की कागद मिळतात का?

उत्तर : नाही. बहुतेकांचा पहिला दिवस याच समजुतीपायी वाया जातो. तिथल्या पेशवे दफ्तरातले, म्हणजे पेशव्यांच्या कारभाराचे, कागद रुमालांत, म्हणजे कापडी बासनांत बांधलेले आहेत आणि त्यांची मांडणी आडनावांवरून केलेली नाही. शिवाय कागदात आडनाव असेलच असेही नाही. 'संताजी बिन राणोजी, पाटील, मौजे अमुक' एवढेच लिहिलेले असते. 'बिन' म्हणजे 'चा मुलगा'. हे कागद ज्या मोडी लिपीत आहेत तिच्यात शब्द तोडून लिहीत नाहीत, ह्रस्व-दीर्घाचा भेदही पाळत नाहीत. त्यामुळे नवखा वाचक हे 'बिन' पुढच्या नावाला जोडून वाचतो आणि बापाचे नावच हरवते.

म्हणून जाताना गाव, तर्फ आणि परगणा (हे जुने महसुली विभाग) लिहून न्या. आजचा तालुका पुरत नाही. जुनी सनद किंवा खरेदीखत घरात असेल तर तर्फ-परगणा त्यातच सापडतो. इनाम जमीन होती का, तेही घरात विचारून ठेवा. असेल, तर आधी इनाम कमिशनचे, म्हणजे इंग्रजी अमलात इनामांचे हक्क तपासणाऱ्या मंडळाचे, कागद मागा. 1852 च्या कायद्यानंतर इनामाचा हक्क सिद्ध करताना लोकांनी कैफियती (लेखी निवेदने), सनदांच्या नकला आणि वंशावळी दाखल केल्या. एका कागदात चार-पाच पिढ्या मिळू शकतात. वतनाच्या, म्हणजे पाटीलकीसारख्या पिढीजात हक्काच्या, भांडणातला करीना (लेखी हकिकत) मात्र जपून वाचा. तो एका पक्षाने आपला हक्क सांगण्यासाठी लिहिलेला असतो, तेव्हा गैरसोयीची शाखा त्यातून गळालेली असू शकते. प्रतिपक्षाचा करीना आणि शेवटचा निवाडा मिळाल्याशिवाय वंशवृक्ष पक्का करू नका.

ओळखपत्र आणि अभ्यासाचा विषय लिहिलेला अर्ज बरोबर असू द्या. टिपणासाठी पेन्सिलच न्या, शाईचा डाग कागदावरून निघत नाही. फोटो काढता येतील का आणि नकला कशा मिळतील, हे आधी फोनवर विचारा. रुमालाचा क्रमांक प्रत्येक टिपणाच्या डोक्यावर लिहा. तो राहिला तर तोच कागद पुन्हा सापडणे फार अवघड.

प्रश्न : मोडी वाचून घेतली, पण तारीख 'सु॥ इहिदे सितैन मया व अलफ' अशी निघाली. हे कोणते साल?

उत्तर : हा शुहूर सन आहे ('सु॥' हे त्याचेच संक्षिप्त रूप), अरबी अंकशब्दांत लिहिलेला. इहिदे 1, सितैन 60, मया 100, अलफ 1000, मिळून 1161. त्यात 599 मिळवले की इसवी सन 1760. हे वर्ष मृगाला सुरू होते, म्हणून पुढच्या जानेवारीपासून वर्ष संपेपर्यंतच्या तारखांसाठी 600 मिळवायचे. पानिपतची लढाई (14 जानेवारी 1761) याच सालात पडते, तेव्हा हिशेब ताडून पाहता येतो. कागदावर शालिवाहन शक दिला असेल तर इसवी सनासाठी त्यात चैत्र ते डिसेंबर 78 आणि जानेवारी ते फाल्गुन 79 मिळवा.

प्रश्न : आमच्याकडे वतन नव्हते, इनामही नव्हते. मग कुठे शोधावे?

उत्तर : तहसील कार्यालयाच्या अभिलेख कक्षात. गाव नमुना 14 म्हणजे कोतवाल बुकातल्या जन्म-मृत्यूच्या नोंदी पाहा. जुन्या नोंदी मोडीतच असतात आणि बाळाचे नाव बहुधा नसते, बापाचे असते. त्यामुळे आजोबांचे नाव शोधत बसू नका, पणजोबांचे नाव शोधा.