मोठ्या नावाची बातमी लिहिताना

प्रिय,

सप्रेम नमस्कार.

नवख्याचे दोन डाव फसले की मथळ्यात त्याची सालं काढली जातात आणि मोठं नाव वर्षभर चाचपडत राहिलं तरी ‘लय हरवली आहे’ एवढ्यावर भागतं, हे कसं, असं तू विचारलंस. क्रीडा पानावर नुकतं काम सुरू केलेल्याला हे खुपावं, याचा मला आनंद आहे. लोक याला भक्ती म्हणतात. माझ्या मते भक्तीपेक्षा आपल्या कामाच्या सवयींचा दोष मोठा आहे आणि सवयी बदलता येतात.

मराठी वर्तमानपत्रांना सगळ्यात जड गेलेलं उदाहरण घेऊ. जानेवारी २०११ मध्ये केपटाऊनला तेंडुलकरांनी १४६ धावा केल्या. ती त्यांची १७७वी कसोटी आणि ५१वं, म्हणजे शेवटचं, कसोटी शतक. त्या वेळी त्यांच्या नावावर १४,६९२ धावा होत्या, सरासरी ५६.९४. नोव्हेंबर २०१३ मध्ये वानखेडेवर ते थांबले तेव्हा २०० कसोटी, १५,९२१ धावा आणि सरासरी ५३.७८. चौकटीत आपण हे शेवटचे आकडे छापतो आणि वाचकाला वाटतं, फरक तो काय, तीन धावांचा! आता वजाबाकी कर. मधल्या २३ कसोटींत ३९ डाव, एकदा नाबाद, १,२२९ धावा. ३८ ने भागलं की येतात ३२.३४. शतक एकही नाही. यातलं काहीच कोणी लपवलं नव्हतं. फक्त कारकिर्दीची सरासरी समोर ठेवली की जुन्या धावा नव्या अपयशावर पांघरूण घालतात, आणि कारकीर्द जितकी मोठी तितकं पांघरूण जाड.

म्हणून पहिलं काम हे: संघातल्या प्रत्येक फलंदाजाचा शेवटच्या २० डावांचा तक्ता तयार ठेव. तारीख, मैदान, प्रतिस्पर्धी, फलंदाजीला आला तेव्हाची धावसंख्या, धावा, चेंडू, कसा बाद झाला, कोणाच्या गोलंदाजीवर. वीसच का? पाच कसोटींच्या मालिकेतही जास्तीत जास्त दहा डाव मिळतात आणि एकाच मालिकेवरून निकाल दिला तर खेळपट्टी आणि नशीब यांनाच गुण-दोष चिकटतात. एखादं द्विशतक सरासरी फुगवतं, तेव्हा डाव चढत्या क्रमाने लावून मधला आकडाही बघ. आणि तक्ता मोसम सुरू होण्याआधी कर. अपयश दिसल्यावर मोजपट्टी शोधायला गेलं की हवी तीच सापडते.

मोजपट्टी सर्वांना एकच लावायची, हे म्हणायला सोपं आहे. करुण नायरने डिसेंबर २०१६ मध्ये चेन्नईत इंग्लंडविरुद्ध नाबाद ३०३ धावा केल्या. त्यानंतर ऑस्ट्रेलियाविरुद्ध त्याला चार डाव मिळाले, २६, ०, २३ आणि ५, आणि पुढची कसोटी थेट २०२५ मध्ये. चार डाव आणि एकोणचाळीस डाव. पंधरा हजार धावा केलेल्याला जास्त संधी मिळावी हे मलाही मान्य आहे. पण किती जास्त, हे निवड समितीला विचारायला हवं होतं आणि तो प्रश्न पुरेशा मोठ्याने विचारला गेला नाही.

मात्र त्या ३९ डावांबद्दल लिहिताना बाकीचंही लिही. त्यांत ओव्हलवरचे ९१ आहेत, वानखेडेवरचे वेस्ट इंडिजविरुद्धचे ९४ आहेत, चेन्नईतले ८१ आहेत. इंग्लंड आणि ऑस्ट्रेलियात ०-४ असे सपाटून हरलो तेव्हा जवळजवळ सगळीच फलंदाजी कोसळली होती. इंग्लंडमध्ये तीन शतकं करणारा द्रविड हा ठळक अपवाद. हे गाळलंस तर ती टीका राहत नाही, शिकार होते.

दुसरी सवय विक्रमांच्या मोजणीची. तेंडुलकरांच्या शंभराव्या आंतरराष्ट्रीय शतकासाठीचा ‘महाशतक’ हा शब्द आठवतो ना? कसोटीतली ५१ आणि एकदिवसीय सामन्यांतली ४९ यांची बेरीज कोणत्याही स्पर्धेच्या निकालात धरली जात नाही, तरी वर्षभर पानं तिच्या प्रतीक्षेत भरली. १६ मार्च २०१२ ला मिरपूरमध्ये ते शतक झालं: १४७ चेंडूंत ११४. भारताने ५ बाद २८९ धावा केल्या आणि बांगलादेशने पाच गडी राखून सामना जिंकला. आशिया चषकाची अंतिम फेरी भारताला गाठता आली नाही. दुसऱ्या दिवशीच्या बातमीत या गोष्टी किती खाली गेल्या असतील, याचा अंदाज तुला येईल. अशा दिवशी एक नियम पाळ: सामन्याचा निकाल पहिल्या दोन वाक्यांत आलाच पाहिजे. विक्रमाचा आनंद मग मनसोक्त लिही.

टीका करायची म्हणजे काय लिहायचं, हाही प्रश्न आहे. ‘सूर हरपला’, ‘वय झालं’ यातून वाचकाला काहीच कळत नाही. २०१२ मध्ये न्यूझीलंडविरुद्धच्या दोन कसोटींत तेंडुलकर १९, १७ आणि २७ वर बाद झाले, तिन्ही वेळा त्रिफळाचीत. हे लिहिलं की बातमी झाली. मग तिन्ही चित्रफिती मंद गतीने बघायच्या: चेंडूचा टप्पा कुठे, पुढचा पाय कुठवर आला, बॅट आणि पॅडमध्ये जागा किती उरली. जे डोळ्यांना दिसतं तेवढंच लिहायचं. कारण सांगायचं तर प्रशिक्षकाच्या नावाने सांगायचं. आणि एक बारीक गोष्ट: बातमीत एकाला ‘सचिन’ आणि दुसऱ्याला ‘नायर’ लिहू नकोस. घरच्या माणसासारखं पहिलं नाव वापरलं की पुढचं वाक्य आपोआप मऊ होतं.

आता पोटापाण्याचा भाग. हर्षा भोगले यांना २०१६ मध्ये आयपीएलच्या समालोचनातून आणि संजय मांजरेकर यांना २०२० मध्ये बीसीसीआय म्हणजे भारतीय क्रिकेट मंडळाच्या समालोचकांतून वगळलं गेलं. त्या वेळी मंडळाने जाहीर कारण दिलं नाही. कारण न सांगण्याचा परिणाम कारण सांगण्यापेक्षा खोल होतो, कारण बाकीचे सगळे आपापली सीमा अंदाजाने आखतात आणि ती नेहमी अलीकडेच आखली जाते. तू पगार वर्तमानपत्राकडून घेतोस, मंडळाकडून नाही. म्हणून समालोचकाच्या मताला निरपेक्ष पुरावा समजू नकोस. त्याचा करार कोणाशी आहे हे आधी बघ.

सायकल शर्यतीत हेच जास्त उघडपणे घडलं. १९९९ च्या टूर दि फ्रान्समध्ये अमेरिकी सायकलपटू लान्स आर्मस्ट्राँगच्या चाचणीत कॉर्टिकोस्टेरॉइड या निर्बंध असलेल्या औषधाचा अंश सापडला. मागची तारीख घातलेलं मलमाचं प्रिस्क्रिप्शन पुढे आलं आणि प्रकरण मिटलं. ब्रिटनच्या ‘संडे टाइम्स’ वर्तमानपत्राचे डेव्हिड वॉल्श प्रश्न विचारत राहिले, तर २००४ मध्ये सोबतच्या पत्रकारांनी त्यांना आपल्या गाडीत घेणं बंद केलं. वॉल्श गाडीत दिसले तर आर्मस्ट्राँगचा संघ आपल्याशी बोलणार नाही, ही भीती. आर्मस्ट्राँगने खटला भरला आणि २००६ मध्ये वर्तमानपत्राने तीन लाख पौंड देऊन तडजोड केली. २०१२ मध्ये अमेरिकी उत्तेजकविरोधी संस्थेचा अहवाल आला आणि आर्मस्ट्राँगची टूरमधली सातही विजेतेपदं गेली. वॉल्श यांच्याकडे विजेत्याची मुलाखत नव्हती. संघातली मालिशवाली, एका माजी सहकाऱ्याची पत्नी, एक निवृत्त सायकलपटू अशी माणसं होती. तूही तिथूनच सुरुवात कर. फिजिओ, मैदान कर्मचारी, वयोगटाचे प्रशिक्षक यांच्याशी ओळख वाढव. त्यांना मुलाखत देऊन मिळवायचं काही नसतं. पण त्यांची नोकरी जाऊ शकते, म्हणून नाव छापण्याआधी दोनदा विचार.

वाद देशाभिमानाचा झाला की नियमाचं पुस्तक उघड. नोव्हेंबर २००१ मध्ये पोर्ट एलिझाबेथला सामनाधिकारी माइक डेनेस यांनी पंचांच्या देखरेखीशिवाय चेंडू साफ केल्याबद्दल तेंडुलकरांना ७५ टक्के मानधनाचा दंड आणि एका कसोटीची स्थगित बंदी दिली, तेव्हा देशभर संताप उसळला. चेंडूवरची माती काढायची तर पंचांच्या देखरेखीखाली, असा नियम आहे. तो छापून मग शिक्षा जास्त होती असं म्हणणं वेगळं आणि नियम न सांगता डेनेस यांच्यावर तुटून पडणं वेगळं.

शेवटी कायद्याचं. भारतीय न्याय संहितेचं कलम ३५६ बदनामीचं आहे. दोन वर्षांपर्यंत साधी कैद होऊ शकते. सार्वजनिक प्रश्नाशी संबंधित वागण्यावर सद्भावनेने व्यक्त केलेल्या मताला त्यातच अपवाद दिलेला आहे. मत आणि वस्तुस्थिती वेगवेगळ्या वाक्यांत ठेव. आरोपाची बातमी असेल तर प्रश्न लेखी पाठव, किमान एक पूर्ण दिवस दे, उत्तर आलं तर त्याच बातमीत छाप, आलं नाही तर कधी विचारलं तेही लिही. पाठवलेला मेल, टिपणवही आणि आकड्यांचा तक्ता बातमी छापून आल्यावरही निदान तीन वर्षं जपून ठेव. पहिला मोठा लेख लिहिशील तेव्हा मसुदा आधी तुमच्या डेस्कवरच्या सगळ्यात खडूस उपसंपादकाला दाखव आणि मग मला पाठव.

तुझा हितचिंतक