जलरंगात हिरवा मिसळला की मळकट का होतो? आणि पेटीतला काळा रंग खरंच टाकून द्यायचा का?

तुमच्या प्रश्नाचा दुसरा भाग आधी घेतो. क्लासच्या सरांनी सांगितलं की "निसर्गात काळा नसतोच, चांगला चित्रकार काळा वापरत नाही", आणि आता तुम्ही ती नळी टाकून द्यायच्या बेतात आहात, असं तुम्ही लिहिलंय. टाकू नका. टाकली असेल तर केराच्या डब्यातून काढा, पुसा आणि पुन्हा पेटीत ठेवा.

हे वाक्य मी आर्ट कॉलेजात असल्यापासून ऐकतोय आणि दर वेळी तितकाच भडकतो. इम्प्रेशनिस्टांनी, म्हणजे क्षणाचा उजेड टिपणाऱ्या फ्रेंच चित्रकारांनी, एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात सावल्यांमधला काळा काढून तिथे निळा-जांभळा भरायला सुरुवात केली. उघड्यावर, उन्हात बसून चित्र काढणाऱ्यांना ते शोभूनही दिसलं. पुढे त्याचा नियम झाला आणि तो नियम आपल्याकडच्या क्लासांमध्ये कारणाशिवाय येऊन बसला. विद्यार्थी कारण विचारत नाहीत, सरही सांगत नाहीत.

माझा मामा कोल्हापुरात बोर्ड रंगवायचा. आमच्या गावात 'पेंटर' ही हाक कमीपणाची नव्हती. बाबूराव मेस्त्रींना सगळा महाराष्ट्र बाबूराव पेंटर म्हणूनच ओळखतो, आणि सिनेमाच्या आधी त्यांचा हात नाटकाच्या पडद्यांवर फिरलेला होता. मामाची उडी तेवढी नव्हती. दुकानांचे बोर्ड, ट्रकच्या फाळक्यावरची अक्षरं, निवडणुकीच्या भिंती, गणपतीत एखाद्या मंडळाची कमान, एवढाच पसारा. पण रंग जुळवायचा झाला तर दुसऱ्या आळीतले पेंटरही करवंटी घेऊन त्याच्याकडे यायचे.

एकदा एका कापड दुकानदाराचा बोर्ड आला. जुना पत्रा, पार्श्वभूमी शेवाळी हिरवी, अक्षरं मोतिया, त्यांना विटकरी सावली. मालकांचा मुलगा धंद्यात आला होता, म्हणून शेवटचा 'प्रोप्रायटर' पुसून तिथे 'आणि सन्स' टाकायचं होतं. अख्खा बोर्ड नव्याने करायचे पैसे द्यायला मालक तयार नव्हते. म्हणजे उन्हाने विटलेल्या शेवाळी रंगाला नवा रंग असा जुळवायचा की जोड दिसता कामा नये. ज्याने हे काम केलंय त्यालाच कळेल की कोरा बोर्ड रंगवणं याहून कितीतरी सोपं.

त्या दुपारी माझा कॉलेजातला मित्र आमच्याकडे आला होता. हुशार मुलगा, रंगचक्र तोंडपाठ. तो म्हणाला, "हिरवा घ्या, चक्रात त्याच्या समोरचा लाल घालून भडकपणा मारा, मग पांढरा." मामा म्हणाला, "कर की." आणि करवंटी त्याच्या हातात दिली. डब्यातला तयार हिरवा जहाल होता. त्यात लाल पडला तसा तपकिरी झाला. पांढरा घातला, तर ओल्या सिमेंटसारखी राख झाली. म्हणून परत हिरवा, तर तो पिस्त्याकडे गेला. मग परत लाल. करवंटी काठोकाठ भरली, दुसरी घेतली, तीही अर्धी झाली. मामा तोवर दोरीला खडू लावून पत्र्यावर रेघा छापत होता. तो एक शब्द बोलला नाही.

मग मामाने तिसरी करवंटी घेतली. त्यात गेरूकडे झुकणारा पिवळा ओतला आणि काडीच्या टोकाने काळा सोडत गेला. एक थेंब, ढवळ, बघ. अजून एक, ढवळ, बघ. पिवळा आपोआप शेवाळी होत गेला. मग थोडा पांढरा, आणि अगदी शेवटी काडीला चिकटेल इतकाच लाल. हिरव्या डब्याला त्याने हातसुद्धा लावला नाही. त्यातला ठिपका बोटाने थेट बोर्डावर लावला आणि आम्ही चहाला गेलो, कारण ऑइल पेंट वाळल्यावर किंचित गडद होतो आणि ओल्या रंगावरून जुळणी ठरवणारा पेंटर उपाशी मरतो. परत येऊन पाहिलं, तर ठिपका किंचित काळपट. अजून थोडा पिवळा पडला. तेवढ्यात मालक आले, करवंटीत डोकावले आणि ओरडले, "अहो पेंटर, हे शेण कुठं लावताय माझ्या बोर्डाला?" मामाने पहिला हात मारला, वाळू दिला, दुसरा मारला. त्यानंतर जोड शोधायला मालकांनी चष्मा काढला, परत लावला, बोर्ड तिरका धरून पाहिला. सापडली नाही.

मित्र जाताना म्हणाला, "भारीच. पण ही बोर्डाची युक्ती झाली. पेंटिंगमध्ये असलं चालत नाही." मामा हसला. मला ते वाक्य आजपर्यंत पचलेलं नाही. तो मित्र आता पोरांना रंग शिकवतो आणि पहिल्याच दिवशी पेटीतला काळा काढून घेतो, असं ऐकून आहे.

पेंटिंगमध्ये चालत नाही? आंदेर्स झोर्न नावाचा स्वीडिश चित्रकार होऊन गेला, १८६० ते १९२०. त्याचं १८९६ चं आत्मचित्र बघा, हातातल्या पॅलेटवर रंग मोजकेच: पांढरा, यलो ऑकर (मातकट पिवळा), व्हर्मिलियन (शेंदरी लाल) आणि काळा. निळी नळी नाहीच. या चार रंगांत तो माणसांची कातडी, कपडे, खोलीतला उजेड सगळं रंगवायचा आणि निळ्याचं काम काळ्याकडून करून घ्यायचा. (त्याने आयुष्यभर एवढेच रंग वापरले असं कुणी सांगितलं तर मानू नका. पाण्याची चित्रं काढताना तो निळा घ्यायचा.) हे जमतं कारण आयव्हरी ब्लॅक (नळीत मिळणारा एक काळा) पातळ केला किंवा त्यात पांढरा घातला की निळसर राखाडी दिसतो. शिवाय पिवळा गडद झाला की डोळ्याला तो पिवळा वाटतच नाही, शेवाळी वाटतो. मामाला यातली दुसरी गोष्ट पक्की माहीत होती. तिच्यामागचं कारण मात्र त्याने कधी सांगितलं नाही, आणि त्या दुकानदाराने विचारलंही नसतं.

मालकांना करवंटीत जे शेण दिसलं आणि बोर्डावर जो शेवाळी दिसला तो एकच रंग होता. फरक शेजाऱ्याचा. पॅरिसच्या गोबेलँ कारखान्यात, जिथे भिंतीवर टांगायचे चित्रांचे पडदे विणत, शेव्रल नावाचा रसायनशास्त्रज्ञ रंगाई विभाग सांभाळायचा. त्याच्याकडे तक्रार आली की काळ्या लोकरीला धार नाही. त्याने तपासलं, तर रंगाईत खोट निघाली नाही. निळ्या-जांभळ्याशेजारी विणल्यामुळे तो काळा फिका पडत होता. त्यातून त्याने रंगांच्या परस्पर परिणामावर मोठा ग्रंथ लिहिला, १८३९ साली. थोडक्यात, पॅलेटवर एकटा बसलेला रंग बघून त्याला मळकट ठरवू नका. कागदावर, शेजाऱ्यांसकट बघा.

आता तुमचा हिरवा. तुम्ही लिहिलंय की अल्ट्रामरीन आणि गॅम्बोज मिसळता आणि झाडं चिखलासारखी होतात. होणारच. अल्ट्रामरीन लालसर निळा आहे, गॅम्बोज नारिंगीकडे झुकणारा पिवळा. दोन्हींत लपलेला लाल हिरव्याला मारतो. चित्रकलेच्या इंटरमिजिएट परीक्षेला आपण 'निळा अधिक पिवळा म्हणजे हिरवा' असं घोकून जातो, पण कुठला निळा आणि कुठला पिवळा हे चक्रात लिहिलेलं नसतं. लख्ख पोपटी हवा असेल तर लेमन यलो घ्या आणि त्यात प्रशियन किंवा थॅलो ब्लू, हे दोन्ही हिरव्याकडे झुकणारे निळे. थॅलो अगदी ब्रशच्या टोकाने, नाहीतर तो सगळा पिवळा गिळतो. भाताच्या कोवळ्या रोपांना हा चालेल. आंब्याच्या जुन्या पानांना तुमचा आत्ताचा 'चिखल'च बरोबर आहे, उगाच बदलू नका.

नळीवरचं बारीक अक्षर वाचायची सवय लावा. अल्ट्रामरीनवर पीबी २९ असतं (पीबी म्हणजे पिगमेंट ब्लू, निळं रंगद्रव्य), थॅलोवर पीबी १५. नळीचं नाव कंपनी ठेवते, आत काय आहे ते हा आकडा सांगतो. सॅप ग्रीन हा नळीतला तयार हिरवा बहुतेक कंपन्यांचा दोन-तीन रंगद्रव्यांचं मिश्रण असतो. त्यात तुम्ही दुसरा मिश्र रंग घातलात की दोन नळ्यांत पाच रंगद्रव्यं झाली, मग मळ येणार नाही तर काय? स्वस्त पेट्यांवर हा आकडा नसतोही. तेव्हा स्वतःच्या नळ्यांचा तक्ता करणं एवढाच मार्ग. उभ्या ओळीत पिवळे, आडव्या ओळीत निळे, आणि निळ्यांच्या ओळीत काळा पण धरा. प्रत्येक चौकोनात एक मिश्रण, दाट आणि पातळ असं दोन्ही. कंटाळवाणं काम आहे, मुकाट्याने करा.

आणि खरं सांगू का, चित्र मळकट दिसण्याचं खापर निम्म्या वेळा हिरव्यावर उगाच फुटतं. सगळं एकाच गडदपणाचं असतं म्हणून ते मळकट दिसतं. हळदणकरांचं 'ग्लो ऑफ होप' तुम्ही कॅलेंडरवर नक्की पाहिलं असेल, हातात दिवा धरलेली बाई, पुष्कळ लोक ज्याला बिनदिक्कत राजा रविवर्म्याचं समजतात. ते सावंतवाडीकडच्या आपल्या सावळाराम हळदणकरांचं आहे, जलरंगातलं, आणि मैसूरच्या जगनमोहन राजवाड्यात टांगलेलं आहे. जमलं तर जाऊन बघा. दिव्याचा उजेड खरा वाटतो तो भोवतीच्या अंधारामुळे. तो अंधार फिका करून बघा मनात, दिवा तिथल्या तिथे विझेल. तुमच्या झाडाच्या बुंध्याजवळ असा एक खरा गडद तुकडा ठेवलात तर बाकीचा हिरवा न बदलता उजळ वाटेल.

पावसाळ्यात पन्हाळ्याच्या पुढे मसाई पठारावर मी चित्रं काढायला जातो. तिथला हिरवा इतका भडक असतो की जसाच्या तसा लावला तर चित्र खोटं दिसतं. गवताखालून डोकावणारा जांभा विटकरी असतो, तोच बर्न्ट सिएना मी हिरव्यातही किंचित सोडतो, म्हणजे गवत आणि दगड एकाच जमिनीचे वाटतात. लांबच्या डोंगरांना हिरवा लावतच नाही. आणि ओल्या कातळाला, ढगांच्या पोटाला, झाडीच्या आतल्या बाजूला माझ्या पॅलेटवर आयव्हरी ब्लॅक असतो. पिवळ्याबरोबर, निळ्याबरोबर, सिएनाबरोबर. एकटा क्वचितच.

आता थोडं तुमच्या सरांच्या बाजूने. कुठलाही रंग गडद करायचा तर घाल काळा, अशी सवय लागली की सगळ्या सावल्या कोळशाने पुसल्यासारख्या होतात. लाल काळ्याने गडद केलात तर बहुतेकदा मेलेला तपकिरी मिळतो, तिथे क्रिमसन किंवा थोडा हिरवा बरा. सरांना याचाच वैताग आला असणार. नळ्यांवर 'लॅम्प ब्लॅक' लिहिलेला काळा फार जोरकस असतो, सुरुवातीला आयव्हरी घ्या (नाव हस्तिदंताचं असलं तरी आता तो हाडांच्या कोळशापासून करतात). मी सगळं जलरंगाचं सांगतोय. जलरंग वाळला की फिका पडतो, ॲक्रिलिक उलट गडद होतो, त्यामुळे तक्ता ज्या माध्यमात काम करता त्याच माध्यमात करा. तैलरंगात आयव्हरी ब्लॅक फार सावकाश वाळतो, तिथे खालच्या थरात तो देऊ नका. आणि परीक्षेला बसला असाल तर परीक्षकाला काय आवडतं ते बघून वागा, मामाचं नाव सांगून गुण मिळणार नाहीत.

पेटीतला काळा काढून घेणारा माझा तो मित्र माझी ही उत्तरं वाचतो, हे मला माहीत आहे. त्याच्यासाठी: ऑगस्टमध्ये मसाई पठारावर ये. तुझ्या पॅलेटवर काळा सोडून हवे तितके रंग घे, मी यलो ऑकर, लेमन यलो, बर्न्ट सिएना आणि काळा एवढेच घेतो. एकच तुकडा दोघांनी काढायचा. कागद माझा, चहा तुझा.