सुरीचं डिझाइन इतर कारागिरांना दाखवायला फोटो पुरेल का?

नुसता फोटो पुरत नाही. सुरीच्या खऱ्या मापाचा पुठ्ठा कापा, तो ग्राफ पेपरवर ठेवून फोटो काढा आणि खाली मापं लिहा. मी स्वयंपाकाच्या सुऱ्या बनवतो, आणि मापं नसली की समोरचा फक्त ‘छान आहे’ म्हणतो, हे अनेकदा अनुभवलंय. एवढं तरी लिहाच:

- पोलाद कुठलं (गाडीच्या कमानपाट्याचं, म्हणजे स्प्रिंगच्या पट्टीचं, की बेअरिंगचं)
- पाठीची आणि धारेलगतची जाडी
- काय कापणार

धारेलगतची जाडी लोक हमखास विसरतात. पाठ २ मिमी असूनही धारेमागे १ मिमी राहिली, तर गाजर कापलं जात नाही, तडकतं. जाणकार तिथेच बोट ठेवतो आणि पाणी देण्याआधी (म्हणजे पातं तापवून, बुडवून कडक करण्याआधी) आणखी घासायला सांगतो. पुठ्ठा पोळपाटावर टेकवून मुठीखाली बोटांची पेरं आपटतात का, तेही बघा. पात्याची उंची ४०-४५ मिमी असेल तर सहसा आपटत नाहीत.

मात्र मुठीबद्दल इतर कारागिरांचा सल्ला जसाच्या तसा घेऊ नका. तळवे वेगळे असतात. मूठ आधी लाकडात कोरून, जो वापरणार त्याच्याच हातात द्या.